वीस लाख टायर आणि माशांचं घर



आजची पोस्ट लांब आहे, चहा घेऊन निवांत वाचा. विषय आहे समुद्रात मुद्दाम बुडवलेल्या वस्तूंचा.

सुट्ट्या लागल्या की आपल्यातले बरेच जण मुलांना घेऊन समुद्रावर जातात. फ्लोरिडा असो, मॉरिशस असो, एलात असो की कॉर्नवॉल, बोटीवरचा माणूस हमखास सांगतो, "इथे खाली एक जहाज मुद्दाम बुडवलंय, माशांना घर मिळावं म्हणून." मुलं खूश होतात, आपणही होतो. शाळेत समुद्र वाचवण्यासाठी पैसे गोळा होतात, तेव्हा पत्रकावर असंच चित्र असतं: पाण्याखाली सिमेंटचे गोळे आणि भोवती रंगीबेरंगी मासे. याला कृत्रिम रीफ म्हणतात. आपल्या कोकणच्या भाषेत सांगायचं तर माणसाने बांधलेलं खडप.

कल्पना खोटी नाही. पण हे 'माशांसाठी' जेव्हा जेव्हा म्हटलं गेलं, तेव्हा त्यात आणखी कोणाचा तरी हिशेब मिसळलेला होता. तो हिशेब कसा बदलत गेला हे आज सांगायचंय, कारण आता हा विषय आपल्या सिंधुदुर्गापर्यंत पोचलाय.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात. समुद्राचा तळ बऱ्याच ठिकाणी सपाट असतो, नुसती वाळू आणि चिखल. कालवं, स्पंज, शेवाळ, प्रवाळ यांना चिकटायला काहीतरी टणक लागतं. तिथे दगड किंवा लोखंड आलं की पाण्यात तरंगणारी त्यांची पिल्लं त्यावर बसतात. ती खायला छोटे मासे आणि खेकडे येतात, त्यांच्या मागे मोठे. फटी आणि भोकं असली की लहान मासे लपतात. म्हणून तर मालवणचा मच्छीमार गोबरा किंवा तांबोशी गळाला लागावी म्हणून खडपाजवळ जातो, मोकळ्या वाळूवर नाही.

ही गोष्ट जगभरच्या मच्छीमारांना पुस्तकं न वाचता कळली होती. जपानी लोक दगड टाकून समुद्रात खडप रचत, त्याला त्यांचा शब्द आहे 'त्सुकिइसो'. केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर दगड आणि झाडांचे बुंधे बुडवून मासे जमवायची जुनी रीत आहे. अमेरिकेत विल्यम इलियट यांनी १८४६ साली दक्षिण कॅरोलिनातल्या शिकार-मासेमारीवर पुस्तक लिहिलं. किनाऱ्याची झाडं तोडून शेती झाल्यावर पाण्यात पडणारे ओंडके कमी झाले, आणि ओंडक्यांपाशी राहणारे मासेही. मग लोक लाकडाचे सांगाडे बनवून खाडीत बुडवू लागले आणि मासे परत आले. त्यात ही हकीकत आहे.

विसाव्या शतकात दोन देशांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं, पण अगदी वेगळ्या पद्धतीने. जपानने १९५२ पासून सरकारी मदत सुरू केली आणि १९७४ मध्ये किनारी मासेमारी क्षेत्रं सुधारण्यासाठी खास कायदा केला. कुठल्या माशासाठी, किती खोलीवर, किती मोठी भोकं, असा विचार करून सिमेंटचे मोठाले ठोकळे खास त्यासाठी घडवले. म्हणजे त्यांनी हा खर्च मानला, गुंतवणूक मानली. अमेरिकेत मात्र हौशी मासेमार संघटना पुढे होत्या आणि हाताशी होतं ते भंगार. १९५३ मध्ये अलाबामाच्या बोटवाल्यांनी २५० जुन्या गाड्यांचे सांगाडे समुद्रात टाकले. तिथे मासेही लागले. मग जुन्या बोटी, फ्रिज, धुलाई यंत्रं, जे फेकायचं ते समुद्रात. भंगाराची विल्हेवाट आणि माशांचं घर एकाच दगडात. ही बचतीची पद्धत होती.

आता येते १९७२ सालची गोष्ट.

त्या काळात अमेरिकेत जुन्या टायरचं करायचं काय हा मोठाच प्रश्न होता. टायर कुजत नाही. ढीग केले तर पावसाचं पाणी साचून डास होतात, आग लागली तर विझता विझत नाही. फोर्ट लॉडरडेलमध्ये एक ना-नफा संस्था उभी राहिली, तिने सुचवलं की किनाऱ्यापासून साधारण दोन किलोमीटरवर, वीस मीटर खोलीत, ऑसबर्न रीफ नावाच्या जागी टायर बुडवू. कचरा जाईल, मासे येतील, मासेमारीसाठी पर्यटक येतील. ब्रॉवर्ड काउंटीचा पाठिंबा मिळाला, लष्कराच्या अभियंता विभागाची संमती मिळाली. शंभरावर खाजगी बोटी घेऊन स्वयंसेवक आले. नौदलाचं जहाज मदतीला आलं. टायर कंपनी गुडइयरच्या हवाई फुग्यातून सोनेरी रंगाचा एक टायर समुद्रात सोडून उद्घाटन झालं.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. यात कोणी खलनायक नव्हता. आपली सुट्टी खर्चून लोक बोटीतून टायर वाहत होते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण समुद्राचं भलं करतोय.

सुमारे वीस लाख टायर गेले खाली. १५ हेक्टरच्या आसपास जागा व्यापली. टायरचे गठ्ठे नायलॉनच्या पट्ट्यांनी आणि पोलादी चिमट्यांनी बांधले होते. खाऱ्या पाण्यात ते किती टिकणार? पोलाद गंजलं, पट्ट्या तुटल्या. टायरचं रबर पाण्यापेक्षा किंचितच जड असतं, त्यामुळे सुटा टायर तळाशी स्थिर बसत नाही, लाटांबरोबर लोळतो. लोळणाऱ्या वस्तूवर प्रवाळ कसं धरणार? जे काही चिकटत होतं ते पुढच्या वादळात घासून निघत होतं. आणि जवळच नैसर्गिक प्रवाळाची रांग होती. वादळात टायर तिच्यावर जाऊन आदळू लागले, काही तिच्या पायथ्याशी ढिगाने साचले. म्हणजे घर बांधायला गेले आणि शेजारचं हजारो वर्षांचं घर मोडायला लागलं. ही कल्पना पुढे आणणारे प्राध्यापक रे मॅकअलिस्टर यांनी पुढे उघडपणे मान्य केलं की ती चुकली.

आता आकडे बघा, माझा हात शेवटी तिथेच वळतो. २००१ मध्ये एका विद्यापीठातल्या संशोधिकेने ३० हजार डॉलरच्या सरकारी अनुदानातून सुमारे १,६०० टायर बाहेर काढले. एका टायरला साधारण १७ डॉलर पडले. त्या दराने वीस लाख टायरचे होतात ३ कोटी ४० लाख डॉलर. पुढे २००७ ते २००९ या काळात लष्कर आणि नौदलाच्या पाणबुड्यांनी प्रशिक्षणाचा भाग म्हणून हे काम केलं, म्हणून मजुरी वाचली. तरी निघाले ७० हजारांच्या आसपास. एकूण टायरच्या चार टक्केसुद्धा नाही. त्यानंतर कंत्राटदारही आले, पण बहुतेक टायर अजून खालीच आहेत. फ्रान्समध्येही कान आणि आँतीब यांच्यामधल्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात सुमारे २५ हजार टायर टाकले होते, ते काढायला २०१५ पासून सुरुवात झाली.

म्हणजे १९७२ ला वाचलेला खर्च खरं तर वाचलाच नव्हता. तो पुढच्या पिढीच्या नावे टाकला होता, व्याजासकट.

टायरच्या अनुभवानंतर नियम कडक झाले. वस्तू जड हवी, टिकाऊ हवी, विषारी नको, हलायला नको. तरीही 'कोणाचं काय वाचतंय' हा धागा सुटला नाही. तीन उदाहरणं बघा.

पहिलं, न्यूयॉर्कच्या मेट्रोचे लाल डबे, 'रेडबर्ड'. २००१ पासून हे डबे डेलावेअरच्या समुद्रात बुडवायला लागले. तिथल्या रेडबर्ड रीफवर ७०० च्या वर डबे आहेत. डब्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस होतं, जमिनीवर ते शास्त्रशुद्ध काढून भंगारात द्यायचं तर खर्च भरमसाट. समुद्रात ते सुटं होऊन हवेत उडणार नाही, असा युक्तिवाद झाला. साध्या पोलादाचे हे डबे बरे टिकले, त्यांच्यावर शिंपले, स्पंज बसले, मासे आले. मग नव्या पद्धतीचे स्टेनलेस स्टीलचे डबे आले. नाव चकचकीत, पण २००८ मध्ये न्यू जर्सीच्या समुद्रात ते काही महिन्यांतच कोसळायला लागले आणि राज्याने पुढचे डबे घेणं थांबवलं. न्यू जर्सीवाल्यांनो, तुमच्या किनाऱ्यासमोर खाली हे सगळं पडलेलं आहे.

दुसरं, विमानवाहू जहाज ओरिस्कनी. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत वापरलेलं हे जहाज १७ मे २००६ रोजी पेन्साकोलाच्या दक्षिणेला बुडवलं. बुडायला ३७ मिनिटं लागली. पण त्याआधीची तयारी वर्षानुवर्षं चालली होती. तेल, रंग, केबलचं आवरण, यांत पीसीबी नावाचं घातक रसायन असतं, ते शक्य तेवढं काढावं लागलं. खर्च दोन कोटी डॉलरच्या घरात गेला. तरीही काही शे किलो पीसीबी आतच राहिलं, आणि ते माशांत उतरतं का हे तपासत राहावं लागलं. तेव्हा 'जहाज फुकट आहे, बुडवून टाकू' हे खरं नसतं. बुडवणं स्वस्त, साफ करणं महाग.

तिसरं, तेलाच्या विहिरींचे प्लॅटफॉर्म. ह्यूस्टन आणि लुइझियानाकडच्या मंडळींना हे माहीत असेल. १९८४ चा केंद्राचा कायदा आणि १९८६ चा लुइझियानाचा कायदा यानंतर मेक्सिकोच्या आखातात ५०० हून जास्त प्लॅटफॉर्मचं रीफमध्ये रूपांतर झालं. व्यवहार असा: प्लॅटफॉर्म किनाऱ्यावर आणून तोडण्याऐवजी समुद्रातच ठेवल्याने कंपनीचे जे पैसे वाचतात, त्यातले साधारण निम्मे ती राज्याच्या रीफ निधीला देते. त्यानंतर तिथली जबाबदारी राज्याची. एरवी कंपनीला ताळेबंदात प्लॅटफॉर्म काढण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते, ती अशा वेळी मोठी हलकी होते. मला हा व्यवहार वाईट वाटत नाही, कारण निदान कोणाचे किती वाचले हे कागदावर आहे. युरोपने उलटा रस्ता धरला. १९९५ मध्ये ब्रेंट स्पार या तेलसाठ्याच्या टाकीवरून शेल कंपनी आणि ग्रीनपीस यांचा मोठा वाद झाला, आणि १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी, थोडे अपवाद सोडून, अशी बांधकामं समुद्रात सोडण्यावर बंदी घातली.

इथपर्यंत झाली खर्चाची बाजू. आता जमेची. मासे खरंच वाढतात का?

रीफवर मासे दिसतात, यात वाद नाही. पण ते तिथे जन्मले, वाढले, की आजूबाजूचे गोळा झाले? १९८९ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य विभागातले शास्त्रज्ञ जेम्स बोनसॅक यांनी हाच प्रश्न स्पष्टपणे मांडला आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. आपल्या भाषेत सांगते. बचत खात्यातले लाख रुपये चालू खात्यात टाकले, तर चालू खात्यात जमा दिसते, पण घरात एक रुपया वाढलेला नसतो. मासे इकडून तिकडे आले तर तो ट्रान्सफर आहे, उत्पन्न नव्हे. आणि धोका पुढे आहे. विखुरलेले मासे एका जागी जमले की त्यांना पकडणं सोपं होतं. जीपीएसवर जागा ठाऊक, बोट नेली, दोन तासांत टोपली भरली. एकूण मासे तेवढेच आणि पकड जास्त, म्हणजे रीफमुळे मासे कमीसुद्धा होऊ शकतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे दर चौरस मीटरला माशांचं जे उत्पादन होतं, ते जगात मोजलेल्या सर्वांत जास्त उत्पादनांपैकी होतं. प्लॅटफॉर्म तळापासून पृष्ठभागापर्यंत उभे असतात, त्यांच्या खांबांवर शिंपल्यांचे थर, लहान माशांना भरपूर आसरा. तिथे मासे खरंच वाढत होते.

मग उत्तर काय? बोनसॅक यांच्या मांडणीतून साधारण असं निघतं: जो मासा खडपाशिवाय जगूच शकत नाही आणि ज्याला खडप कमी पडतंय, त्याच्यासाठी नवीन घर म्हणजे वाढ. जो फिरता आहे आणि आधीच जास्त पकडला जातोय, त्याच्यासाठी नवीन घर म्हणजे सापळा. त्यामुळे रीफ बांधलं हे सांगून भागत नाही. तिथे कोणाला, किती, कोणत्या जाळ्याने मासे पकडू देणार हेही सांगावं लागतं.

यावरून भांडणं झाली आहेत. न्यू जर्सीत हौशी मासेमारांच्या करातून आलेल्या पैशाने रीफ बांधली, आणि धंदेवाईक मच्छीमारांनी तिथे सापळे लावले. हौशींचे गळ अडकायला लागले. अखेर २०११ मध्ये केंद्राने रीफसाठीचा तो निधीच थांबवला. याच्या उलट इटलीत तालामोने गावच्या पाओलो फान्चुल्ली या मच्छीमाराने रीफचा वेगळाच उपयोग केला. रात्री चोरून येणारे ट्रॉलर समुद्रतळ खरवडून नेत होते. त्याने संगमरवराचे मोठे ठोकळे मिळवले, शिल्पकारांकडून त्यांची शिल्पं करून घेतली आणि ती समुद्रात बुडवली. ट्रॉलरचं जाळं त्यात अडकून फाटतं, म्हणून ट्रॉलर फिरकत नाहीत. तिथे माशांना घर मिळालं ते आहेच, पण मुख्य म्हणजे राखण मिळाली.

हे वाचताना ज्यांचं माहेर किंवा सासर मालवण, वेंगुर्ला, देवगडकडे आहे त्यांच्या मनात लगेच पर्ससीन आणि एलईडीच्या बोटी आल्या असतील. तेच तर म्हणायचंय.

२०२४ मध्ये मुंबईत वरळी कोळीवाड्यासमोर सिमेंट आणि पोलादाचे दोनशेवर साचे समुद्रात सोडले. आणि सिंधुदुर्गात त्याहून मोठी योजना आहे. भारतीय नौदलाची 'गुलदार' ही रणगाडे वाहून नेणारी नौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि २०२५ मध्ये कारवारला राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सोपवण्यात आली. निवतीच्या खडकांजवळ ती बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करायचं, त्यासाठी केंद्राने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले.

मी या योजनेच्या विरोधात नाही. गावातल्या पोरांना डायव्हिंगमधून रोजगार मिळाला तर कोणाला नकोय? पण तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल, काका-मामांशी बोलाल, किंवा एखाद्या मंडळातून देणगी द्याल, तेव्हा वरच्या इतिहासातून निघणारे चार प्रश्न जरूर विचारा.

एक, बुडवण्याआधी काय काय काढलं आणि त्याची यादी कुठे बघायला मिळेल?

दोन, ही वस्तू पावसाळ्यातल्या उधाणात हलणार नाही हे कोणी तपासलं? अरबी समुद्राचा जून-जुलै काय असतो हे आपल्याला सांगायला नको.

तीन, तिथे मासेमारी कोणी करायची? रापणवाले, गळवाले, पर्ससीनवाले, की कोणीच नाही? हे ठरलेलं नसेल तर भांडण ठरलेलं आहे.

चार, आधी तिथे किती आणि कोणते मासे होते हे मोजलंय का, आणि दहा वर्षांनी कोण मोजणार, कुठल्या पैशातून? आरंभीची शिल्लक माहीत नसेल तर वर्षअखेरीला नफा झाला की तोटा हे कोणालाच सांगता येत नाही.

मुलांसाठीही हेच प्रश्न चालतात, भाषा सोपी करा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला टायरची गोष्ट पटकन कळते. सांगून बघा आणि विचारा, "तू तेव्हा असतास तर बोटीवर गेला असतास का?" बहुतेक मुलं हो म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. मग विचारा, "टायर टाकण्याआधी तू काय तपासलं असतंस?" मोठ्या मुलांना थोडं गणितही द्या: १७ गुणिले वीस लाख. मुलांना समुद्राविषयी निराश करू नका, नुसतं टाळ्या वाजवायलाही शिकवू नका. चांगल्या कामाचाही हिशेब तपासायचा असतो, आणि तपासला म्हणजे कोणावर संशय घेतला असं होत नाही, एवढं त्यांना कळलं तरी पुरे.

आता तुमची पाळी. मॉरिशसवाल्यांनो, १९८७ मध्ये बुडवलेलं स्टेला मारू तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का? एलातकडची मंडळी १९९४ पासून पाण्याखाली असलेल्या क्षेपणास्त्र नौकेपाशी गेली असतील, आणि इंग्लंडवाले २००४ मध्ये कॉर्नवॉलला बुडवलेल्या स्किलापाशी. आखातातल्या मंडळींनी तिथल्या सिमेंटच्या रीफचं सांगा. काय दिसलं, मासे होते का, मासेमारीला परवानगी होती का, खाली लिहा. आणि निवती-भोगवे-मालवणकडचं कोणी असेल तर तिथे लोक काय म्हणतात तेही नक्की लिहा, ते ऐकायची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.